हिल्डा, त्यांनी 'वापर'चा 'व्यापार' केला

हिल्डा,

परवा जुहूच्या एका हॉटेलात तुझ्या नावाचा पुरस्कार मी नाकारला. डिझाइनच्या शिक्षणात नवं काही करून दाखवणाऱ्या मास्तरांना देतात तो, राष्ट्रीय वगैरे, तुझ्या नावापुढे 'मरणोत्तर' असं लिहिलेला. मी स्टेजवर गेले, माइक घेतला आणि म्हणाले, हा मी घेणार नाही. पहिल्या रांगेत आपल्या कॉलेजचे डायरेक्टर बसले होते. त्यांचं तोंड तू बघायला हवं होतंस. तू असतीस तर आधी माझ्यावर भडकली असतीस, कारण फॉर्म भरल्याचंच तुला माहीत नव्हतं. मग आपण दोघी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून पोट दुखेपर्यंत हसलो असतो. तू जाऊन आज चोवीस दिवस झाले. भडकायला कोणी नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतेय. मध्ये बोलू नकोस. तुला आता मध्ये बोलता येणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय.

तुझ्या शिकवण्याला तू कधी पद्धत म्हटलं नाहीस. पहिल्या वर्षाच्या मुलांनी घरातल्या एका माणसासाठी एक वस्तू करायची. स्टूल, पोळपाट, चपलांचं स्टँड, काहीही. वर्कशॉपमध्ये वस्तू तयार झाली की बाकीचे मास्तर तिथल्या तिथे गुण देऊन मोकळे होतात. तू मात्र मुलाच्या कागदावर पेन्सिलीनं एकच शब्द लिहायचीस, 'वापर', आणि वस्तू त्याच्या घरी पाठवायचीस. दीड महिना ती घरात वापरायची आणि मग परत आणायची, डागांसकट, ओरखड्यांसकट. तू तिच्यावरून हात फिरवायचीस, चक्क वास घ्यायचीस. "कुठे घासलंय ते दाखव," म्हणायचीस. कुठेच घासलेलं नसलं की गुण नाहीत. पुन्हा तोच शब्द, पुन्हा दीड महिना. मुलं जिन्यावर एकमेकांना सांगायची, "माझी वाट लागली यार, मला परत वापर लागला." आमच्या ड्रॉइंगच्या वर्गापर्यंत ऐकू यायचं ते.

ती बोरिवलीची मुलगी आठवते? आत्यासाठी स्टूल केलं होतं तिनं. पायांना असा काही बाक दिला होता की मला ते उचलून घरी न्यावंसं वाटलं. दीड महिन्यानं आली ती रडतच. आत्या एकदाही त्याच्यावर बसली नव्हती. तिला जमिनीवर बसूनच भाजी निवडायची सवय, आणि स्टुलावर तिनं पिठाचे डबे रचून ठेवले. मी तिला जवळ घेऊन समजूत काढत होते. तू स्टूल उलटं केलंस, सुलटं केलंस, वरच्या फळीवर पडलेले डब्यांचे गोल डाग बोटानं मोजलेस आणि म्हणालीस, "रडतेस कशाला? हे डब्यांचं स्टूल आहे. चांगलं वापरलंय की. आता डब्यांसाठी नीट कर." त्या पोरीनं वरच्या फळीला कड लावली, पाय सरळ केले. दिसायला आधीपेक्षा वाईट झालं ते. तू तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिलेस आणि मी आठवडाभर तुझ्याशी वाद घातला की सुंदर वस्तू बिघडवायला शिकवतेस तू. तो वाद आपला मिटलाच नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की तो बाक ठेवायला हवा होता.

मलाही तू सोडलं नव्हतंस. मी कॉलेजसाठी कॅलेंडर केलं, सगळ्यांनी वाहवा केली. तू ते मरोळच्या तुमच्या गावठाणातल्या घरात, स्वयंपाकघरात टांगलंस आणि महिन्याभरानं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलंस, "सुले, सिलेंडर लावल्याची तारीख कुठे लिहू गं? तुझ्या त्या पानाफुलांवर?" मला इतका संताप आला होता. पुढच्या वर्षी प्रत्येक तारखेखाली मी जागा सोडली. तू कौतुक केलं नाहीस, पण दुसऱ्या महिन्यात तुझ्या घरी आले तेव्हा कॅलेंडर लिहून लिहून काळं झालेलं दिसलं. ते मी किती वेळ बघत उभी होते हे तुला सांगितलं नव्हतं. आता सांगतेय.

तर पुरस्काराचं. आपण पंचवीस वर्षं एकत्र शिकवलं, पण इतकं कधी भांडलो नव्हतो.

"वेडी झालीस का? बक्षीस कशाला हवंय मला?"

"कारण तू रिटायर झालीस की दुसऱ्या दिवशी हे लोक तुझा दीड महिना कापतील. कागदावर असलं तर कापताना दहादा विचार करतील."

"कागदावर गेलं की ते त्यांचं होणार. मग वापर म्हणजे काय ते हेच मला शिकवणार. नको गं. मुलांना कळतंय ना, बस झालं."

"मग काय, स्वतःबरोबर पुरून घेणार आहेस का सगळं?"

हे मी बोलले. भांडणात माणूस बोलतो तसं बोलले. तू डबा बंद केलास आणि वर्कशॉपमध्ये निघून गेलीस. चार दिवस आपण एका टेबलावर बसून एकमेकींशी बोललो नाही. पाचव्या दिवशी मीच म्हणाले, "बरं बाई, नाही भरत." तू लगेच तुझ्या डब्यातला बोंबलाचा तुकडा माझ्या डब्यात टाकलास. आणि मी त्याच आठवड्यात फॉर्म भरायला घेतला.

तुला मी वर दिलेली कारणं खरी होती. पण ती सगळी नंतर सुचली. मला तुझं नाव मोठ्या पडद्यावर बघायचं होतं, एवढंच खरं. परिषदांमधून परदेशी शब्द फेकणाऱ्या लोकांना हार घालताना आपण किती वेळा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मला वाटायचं, ही बाई हातानं डाग मोजते, हिच्यासाठी कुणी उभं राहायला नको?

फॉर्म इंग्रजीतच भरायचा होता. नाव काय पद्धतीचं, असं विचारलं होतं. मी तुझाच शब्द ठेवला, इंग्रजी अक्षरांत. डायरेक्टरांची मंजुरी लागते म्हणून तो आधी ऑफिसात गेला आणि तिथे कुणीतरी तो दुरुस्त केला. त्यांना वाटलं, मॅडमनी 'व्यापार' लिहिताना घाई केली. मग वरच्या शब्दाला शोभेल असं खालचंही बदललं. मी 'घरात' लिहिलं होतं तिथे 'बाजारात' आलं. घरातल्या माणसाचा ग्राहक झाला. हे सगळं मला मागाहून कळलं. फॉर्म माझ्याकडे परत आला तो शेवटच्या दिवशी. मी वाचायला घेणार, इतक्यात तू हात पुसत स्टाफरूममध्ये शिरलीस.

"काय करतेस गं?"

"काही नाही. हजेरी भरतेय."

आणि पाठवायचं बटण दाबून मी स्क्रीन बंद केली. न वाचता. ज्या बाईनं वापरून बघितल्याशिवाय कशावर सही केली नाही, तिच्यापासून लपवायच्या नादात मी तिचंच काम न वाचता पाठवून दिलं. ही चूक ऑफिसची नाही हिल्डा, माझी आहे.

त्यानंतर तू दोन महिने होतीस. सांगायला साठ वेळा जमलं असतं. शेवटचा फोनही असाच, "सुले, उद्या येताना पॉलिश पेपर आण, स्टोअरवाला सुट्टीवर आहे." मी म्हटलं आणते, आणि तू ठेवलास. सकाळी मी कांदिवलीहून निघून, कागदाची गुंडाळी हातात धरून वर्कशॉपच्या दारात उभी राहिले तेव्हा कळलं, तू रात्रीच गेली होतीस. पहिल्या वर्षाच्या वस्तू तू तीनच दिवसांपूर्वी घरोघर पाठवल्या होत्यास. सगळ्यांच्या कागदांवर तुझ्या पेन्सिलीचा तो शब्द होता आणि गुणांची जागा कोरी होती.

सातव्या दिवशी चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा झाली. तुझी आई पहिल्या बाकावर ताठ बसली होती. फादर तुझ्याबद्दल बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी हिला 'पुरून घेणार आहेस का' असं म्हणाले होते. त्यानंतर तीन दिवसांनी पत्र आलं. तुला पुरस्कार मिळाला होता. मी ते पत्र उघडलं आणि स्टाफरूममध्ये मोठ्यानं रडले, आनंदानं. खाली मानपत्र होतं, ते वाचलं तेव्हा रडणं थांबलं. 'व्यापार पद्धत. विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून बाजाराशी जोडणारी अभिनव शिक्षणपद्धती.' पुढे तुझं नाव.

मी तशीच डायरेक्टरांकडे गेले. ते पेढे मागवत होते.

"सर, शब्द चुकलाय. आपण त्यांना कळवू."

"सुलभाताई, बसा. अहो, 'वापर' म्हटलं तर बाहेर कुणाला काय कळणार? 'व्यापार' कसं, कुठेही जा, कळतं."

"पण तिनं ते शिकवलंच नाही. तिनं उलटं शिकवलं."

"आता गेलेल्या माणसाच्या नावानं वाद नको. उलट आपण हे पुढे नेऊ. पुढच्या टर्मपासून पहिल्या वर्षाला व्यापार स्टुडिओ. तो दीड महिना तसाही वाया जात होता, त्यात मुलांना विकायला शिकवू. हिल्डामॅडमचंच नाव देऊ त्याला."

बघ. तू म्हणाली होतीस तसंच झालं, आणि तुझं नाव लावून झालं. मी तुझा दीड महिना वाचवायला फॉर्म भरला होता आणि त्याच फॉर्मनं तो कापला जात होता. मी तिथून उठले आणि सरळ तुझ्या घरी गेले.

तुझ्या आईनं, आंटीनं, घरातल्या येशूच्या आल्तारशेजारची फळी रिकामी करून ठेवली होती. तुझ्या भावानं पुरस्काराचं सांगितलं होतं तिला. फळीवर क्रोशाचा रुमालही घातलेला. ते बघून माझं धैर्य गेलं. वाटलं, एका म्हाताऱ्या बाईला लेकीची ट्रॉफी बघायला मिळते आहे, तर आपण कोण अडवणार? शब्द काय, कुणाच्या लक्षात राहतो? एक घोट चहा पिऊन गप्प घरी जावं. अर्धा कप होईपर्यंत मी तसंच करणार होते.

मग मी सगळं सांगितलं. फॉर्म चोरून भरला हेसुद्धा. आंटीनं नीट ऐकून घेतलं.

"तिला नाय सांगितला ना? बरा केलास. ती नायच बोलली असती. लहान होती तवापासून नायच बोलते."

"आंटी, पण ते नाव…"

"नाव चुकीचा हाय ना?"

"हो."

"मग मना नको."

एवढंच बोलली आणि फळीवरचा रुमाल काढून घडी घालून आत ठेवून आली. मग बाहेर येऊन तिनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी खूप रडलो. मला तुझी इतकी आठवण त्याआधीच्या दिवसांत आली नव्हती. त्याआधीचे दिवस मी फक्त धावपळ करत होते.

तुझ्या वतीनं पुरस्कार घ्यायला मलाच बोलावलं होतं. परवा हॉलमध्ये पडदा खरंच मोठा होता. तुझा फोटो त्यांनी कॉलेजच्या ओळखपत्रावरून घेतला होता, तोच, डोळे अर्धे मिटलेला. हसू आलं मला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं छान आवाजात मानपत्र वाचलं. 'व्यापार' शब्द आला तशी मी उभी राहिले, म्हणजे लवकरच उभी राहिले, अजून माझं नाव पुकारलंही नव्हतं. वर गेले. मराठीत सुरुवात केली, मग हिंदीत गेले, मग दोन्हीची खिचडी झाली. मी म्हणाले, ह्या बाईनं पंचवीस वर्षांत एकाही मुलाला काही विकायला शिकवलं नाही. तिनं शिकवलं की घरातलं माणूस आपल्या वस्तूचं काय करतं ते आधी बघा. तिचा शब्द 'वापर'. फॉर्म मी भरला, न वाचता पाठवला, चूक माझी आहे, माफ करा. पण चुकीच्या शब्दावर तिचं नाव मी घेऊन जाणार नाही.

परीक्षकांत एक वयस्कर गृहस्थ होते, सज्जन वाटले. ते हळूच म्हणाले, "मॅडम, एखाद्या अक्षराचा तर प्रश्न आहे. ट्रॉफी घ्या, दुरुस्ती आपण मागाहून करू."

"सर, एक य आणि एक काना आहे. तेवढ्यात तिचं सगळं आयुष्य उलटं होतं. दुरुस्ती आधी करा."

खाली थोड्या टाळ्या पडल्या, थोड्याच, उगाच वाढवून सांगत नाही. बाकीचे घड्याळ बघत होते. दुरुस्ती होणार की नाही ते मला अजून कळवलेलं नाही.

डायरेक्टरांनी गाडीजवळ गाठलं. कॉलेजची अब्रू घालवलीत म्हणाले. मैत्रिणीचा अपमान केलात म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, हिल्डामॅडमचा वर्ग सध्या तुमच्याकडे आहे, पहिल्या वर्षाचे गुण शुक्रवारपर्यंत पाहिजेत, आहेत त्या फोटोंवरून द्या आणि तो विषय संपवा. मी म्हटलं, वस्तू घरी आहेत. ते म्हणाले, म्हणूनच फोटोंवरून द्या. मग मी म्हटलं, नाही देणार. पंचवीस वर्षांत त्यांना मी पहिल्यांदाच नाही म्हणाले असेन. तू रोज म्हणायचीस आणि मी तुला नंतर समजावायची, अगं जरा नमतं घे. आता कळतंय की नमतं घेण्याचा सगळा वाटा मी उचलला होता म्हणून तुला ताठ राहता आलं. आणि तू ताठ राहायचीस म्हणून मला गोड बोलता आलं. दोन्ही कामं आता माझ्याच गळ्यात पडलीत.

काल पहिल्या वर्षाच्या वर्गात गेले. हे सगळं त्यांना सांगितलं. मुलं बावरलेली होती. मुलुंडचा एक मुलगा आहे, तोंडाचा फटकळ, तुझा लाडका, त्यानं विचारलं,

"पण मॅम, आता वापर बघणार कोण?"

"मी."

"सॉरी मॅम, पण तुम्हाला लाकडातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. पण स्टुलावर बसता येतं. डबे ठेवता येतात. आणि काही अडलं तर तुझ्या घरच्यांना विचारीन."

वर्ग हसला. मग ती मुलं एकेक करून सांगायला लागली, कुणाच्या घरी काय चाललंय ते. एकाच्या आजोबांनी त्यानं केलेल्या स्टँडला सुतळी बांधलीय. एकीच्या आईनं पोळपाट उलटा वापरायला घेतलाय, मागची बाजू बरी लागते म्हणे. मी लिहून घेत होते. आपापली वस्तू कुठे चुकली ते त्यांना आधीच कळलेलं होतं, मला काही सांगावंच लागलं नाही. तुझ्याशिवाय तुझा वर्ग चालू होता हिल्डा, आणि मी दाराबाहेर जाऊन डोळे पुसून आले.

शुक्रवारी गुणांचा कागद मी कोराच देणार आहे. तो त्यांना चालणार नाही. मला कारणे दाखवा नोटीस येईल, कदाचित वर्ग काढून घेतील. काढून घेतला तरी वस्तू आता मुलांच्या घरात आहेत, तिथून त्या कोण काढून आणणार?

तुझं एक मला मान्य नाही, अजूनही नाही. तू म्हणालीस, कागदावर गेलं की ते त्यांचं होतं. मी म्हणते, नीट लिहिलं नाही म्हणून झालं. तू नीट लिहायचंच टाळलंस आणि मी घाईत लिहिलं. दोघींनी मिळून वाट लावली. म्हणून पुढच्या वर्षी मी तो फॉर्म पुन्हा भरणार आहे. इंग्रजीच पाहिजे म्हणाले तरी तो एक शब्द देवनागरीत लिहिणार आहे, ठळक, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाठवणार आहे. तू नको म्हणशील. म्हण. तुझं आयुष्यभराचं नाही मला पाठ आहे आणि ते मी ऐकणार नाही. पण या वेळी तुला सांगून भरतेय.

तुझी,
सुली